पाऊण ग्रॅम

कॉक उघडा राहिला रात्री, हे खरं.
पण उघडा राहिला तरी गळू नये,
त्यासाठीच तर आत एक सुई असते.
सकाळी फरशीवर ओला काळपट डाग,
आणि गल्लीभर वास.
शेजारच्या सरूबाई काडेपेटी हातात धरून
भिंतीवरून विचारतात,
"काय सांडलंय गं, मास्तरीण?"

दादांची येझडी.
किक आणि गिअरचा दांडा एकच.
मागच्या सीटवर थंड वाफेचा कॅन बांधून
देवणीच्या गायींसाठी
गावोगाव फिरलेली.

जिलानी मिस्त्रींच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
ते स्वतः बाजेवर, गुडघ्यांना तेल लावत बसलेले.
"बाजी, नीचे की वाटी खोलो," म्हणाले,
"घबराव नक्को. जो गिरा, वो गिनके रखो."

वाटीचे स्क्रू.
एकाचा माथा कुणीतरी आधीच खाल्लेला,
त्याला पान्याच्या टोकानं टिचक्या देत देत सैल केला.
तळाशी गंजाची बारीक पूड,
चहा संपल्यावर उरते तशी.
सुई उजेडात धरून पाहिली, चरा नव्हता.
वाटलं, गंजच अडकला असेल. पुसलं, फुंकलं, बसवलं.
पुन्हा टप.
टप.

मग फ्लोट काढला. पितळी, दोन डब्या एकमेकींना चिकटलेल्या.
नारळ घेताना हलवतो तसा कानाशी नेऊन हलवला.
आत वाजलं.
नारळ असता तर घेतला असता.

ज्यानं तरंगायचं आणि सुईला वर ढकलायचं
तोच पिऊन जड झालेला.

नवा फ्लोट हैदराबादेत मिळेल म्हणे,
मिळाला तर.
ऊन पाण्यात बुडवला तेव्हा
सांध्यावरून मुंगीच्या डोक्याएवढे बुडबुडे निघाले.
तिथं सुईनं खूण केली
आणि सराफ्यात गेले.

माणिकअप्पा कुणाच्या तरी मोरणीचा खडा बसवत होते.
फ्लोट हातात घेतला आणि विचारायच्या आधी
सवयीनं काट्यावर ठेवला.
अकरा ग्रॅम चारशे.
"आत माल आहे," ते म्हणाले.
"आत माल असताना आग दावू नये.
भोक खाली करून उन्हात टांग. दोन दिवसांनी ये."

दोन दिवस फ्लोट तारेवर,
माझ्या परकराच्या आणि पोरीच्या युनिफॉर्मच्या मधे.

दहा सहाशे पन्नास.
"पाऊण ग्रॅम," अप्पा म्हणाले, "एवढ्यानं बुडाला होता."
चांदीचा डाग नको, कडक आच लागते, सांधे सुटतील.
कथील पुरे, तिळाएवढं.
जास्त दिलं तर जड होईल,
जड झालं तर परत तेच.
फुंकणी तोंडाला लावली.
मी दारात उभी राहिले, श्वास धरून,
जसा काही माझाही वारा लागेल.
पुन्हा काटा. दहा सहाशे सत्तर.
"वीस मिली माझे," अप्पा हसले.
पैसे घेतले नाहीत, पण वही ओढली.
त्यांच्या काट्यावर चढलेली वस्तू वहीत चढतेच.
"नागोराव बिरादार," लिहायला लागले.
"गाडी माझ्याकडं आहे, अप्पा. तीन वर्षं झाली."
"बरं. मग तुझं नाव?"
माझ्या कानात पहिलं बारीक डूल घातलं ते याच पेढीचं होतं.
चाळीस वर्षं मी नागोरावांची थोरली.
"महानंदा."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खोडलं नाही, शेजारी लिहिलं.
महानंदा. फ्लोट, पितळी, एक नग.

घरी आल्यावर वाटी बसवली.
खाल्लेल्या माथ्याचा स्क्रू शेवटी, हलक्या हातानं.
रात्री कॉक मुद्दाम उघडा ठेवला
आणि खाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं.

सकाळी उकिडवी बसून वाचलं.
तूर सात हजार दोनशे, उदगीर बाजार,
अक्षर एकही फुगलेलं नाही.